आयबीएम पीएस/२ मॉडेल ९५ : काही महिन्यांच्या वापरानंतर

आयबीएमने १९९० साली बाजारात आणलेला हा भारदस्त टॉवर संगणक इतवारीतील एका भंगार व्यापाऱ्याकडून घेतल्यापासून त्याने माझ्याकडे नागपूरचा हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही काढले आहेत. घेण्याचे कारण एकच होते. त्याच्या मुख्य बोर्डावर प्रोसेसर नाही. प्रोसेसर, कॅश (त्याची जलद तात्पुरती मेमरी) आणि मेमरी नियंत्रक हे सारे एका स्वतंत्र कार्डावर असून, ते बदलले की तोच टॉवर इंटेलच्या ४८६ प्रोसेसरपासून पुढच्या पिढीच्या पेंटियमपर्यंत जाऊ शकतो.

माझ्याकडे ३३ मेगाहर्ट्झचे ४८६ डीएक्स आणि ६६ मेगाहर्ट्झचे डीएक्स२ अशी दोन कार्डे आहेत. दुसऱ्या कार्डावर लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्राममधील मोठ्या हिशेबतक्त्यांची फेरआकडेमोड ठळकपणे लवकर होते. मात्र कार्ड बदलणे म्हणजे केवळ एक काढून दुसरे खोचणे, असे समजू नये. या दोन कार्डांच्या रेफरन्स फ्लॉप्या, म्हणजे यंत्राची जुळणी करून देणाऱ्या फ्लॉप्या, वेगवेगळ्या आहेत. शिवाय जुने कार्ड आपल्या बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) मोठा भाग स्कझी जोडणीच्या हार्ड डिस्कच्या राखीव विभागातून वाचत असल्याने, डिस्क बदलली की तो विभागही पुन्हा तयार करावा लागतो. प्रोसेसर सुटा केला, पण त्याची नाळ डिस्कशी जोडून ठेवली, ही रचना मला आजही अर्धवट वाटते.

मायक्रोचॅनेलबद्दल, म्हणजे जादा कार्डे जोडण्याच्या आयबीएमच्या बसबद्दल (जोडमार्गाबद्दल), मात्र तक्रार नाही. १९८७ पासूनच्या या बसमध्ये कार्डावरच्या जुळणीसाठी जंपर (छोट्या जोडपिना) लावावे लागत नाहीत. नवे कार्ड बसवल्यावर १६५ हा त्रुटी-संकेत येतो आणि त्या कार्डाची एडीएफ फाइल (कार्डाचे वर्णन देणारी फाइल) फ्लॉपीवर असली की उरलेली जुळणी यंत्रच करते. समोरच्या छोट्या पट्टीवर सुरुवातीचे टप्पे उमटतात, त्यामुळे गाडी कुठे अडली ते मॉनिटर न जोडताही कळते. बॅटरी संपली की १६१ आणि १६३ हे संकेत येतात. ती बदलून तारीख-वेळ व जुळणी पुन्हा भरावी लागते.

मे महिन्यात दुपारी मी तो चालवत नाही. कूलरच्या दमट हवेपासून तो दूर ठेवला असून आतली धूळ वरचेवर ब्रशने काढतो.

कुणाला घ्यायचा असल्यास कार्डाच्या प्रकाराची फ्लॉपी चालते का, ते तिथेच पाहावे आणि तिची प्रत लगेच करून ठेवावी. झाकणाच्या कुलपाची किल्लीही मागून घ्यावी, नाहीतर कार्डापर्यंत हातच पोहोचत नाही.