उरलेलं अन्न पोचवायचंय : मंगल कार्यालय, रोटी बँक की भाजीमंडई?

लग्नसराई लागली की दोन-चार जण तरी विचारतात, "आम्हालाही या कामात यायचंय, सुरुवात कुठून करू?" संभाजीनगर असो, लातूर असो की परभणी, वाटा साधारण तीनच आहेत. त्यातली कोणती घ्यायची, हे किती अन्न मिळतं यावरून ठरवू नका. शिजल्यापासून कुणाच्या पोटात जाईपर्यंत किती वेळ जातो, ते बघा.

सगळ्यांची नजर आधी मंगल कार्यालयावर जाते. एका फोनवर शंभर-दोनशे माणसांचं जेवण मिळतं, पण तो फोन येतो रात्री दहा-अकराला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलेल्या शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. साधारण दोन तास ही मर्यादा, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताचं तर जास्तच जपावं लागतं. त्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही, म्हणून "गरम करून देऊ" म्हणून भागत नाही.

एकदा वस्तीवर पोचून आम्ही वरणाचं पातेलं उघडलं, तर वर फेस. लेकरं ताटं घेऊन बसलेली. सगळं ओतून दिलं आणि मिळतील तिथून पाव-केळी आणली. त्या रात्रीपासून आचाऱ्याला पहिला प्रश्न एकच: कधी उतरवलं? पुरी, बुंदी, कोरडी भाजी आम्ही घेतो. उन्हाळ्यात भात, मठ्ठा, पनीर नाही.

रोटी बँकेत हा घोर नाही. २०१५ साली युसूफ मुकाती यांनी संभाजीनगरच्या बायजीपुऱ्यात ती सुरू केली: सभासदाने घरून दोन ताज्या पोळ्या नि भाजी द्यायची, गरजूने घेऊन जायची. यातून वाया जाणारं वाचतं असं मात्र नाही, घरी दोन पोळ्या जास्त लाटल्या जातात एवढंच. तरी भुकेच्या बाजूने पाहिलं तर मला हीच वाट जास्त पटते, कारण लग्नाच्या तिथी नसल्या तरी जेवण मिळतं. घाटी दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या खेड्यातल्या माणसाला भूक रोजच लागते.

भाजीमंडईत, म्हणजे जाधववाडीसारख्या बाजार समितीत, सौदे उरकल्यावर माल पडून राहतो. कच्चा असल्याने तास मोजावे लागत नाहीत. सडकं-बुरशीचं तेवढं निवडून टाकायचं. पण शिजवणारं वसतिगृह किंवा अन्नछत्र आधी गाठलेलं हवं.

नोकरी सांभाळून अर्धा तासच देता येत असेल, तर गल्लीतल्या दहा घरांच्या पोळ्या गोळा करा. पहाटे उठणं जमत असेल तर मंडई. कार्यालयाच्या वाटेला चार-पाच जण, गाडी, झाकणाचे डबे आणि जेवणारे आधीच ठरलेले असतील तरच जा. संस्था म्हणून करायचं तर उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे २०१९ चे केंद्रीय नियम आहेत. अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी लागते.

आणि आचाऱ्याशी बोलायचं ते लग्नाच्या आदल्या दिवशी: पंगतीत न फिरलेलं अन्न वेगळ्या पातेल्यात, झाकून ठेवायचं. वाढलेल्या बादलीतलं आम्ही नेत नाही, हेही तेव्हाच सांगायचं.