उन्हाळी मासेमारीसाठी वायरवाला थर्मामीटर

लांब वायरच्या टोकाला सेन्सर असलेला हा थर्मामीटर घेतला आणि जलाशयावरची माझी उन्हाळी मासेमारीच बदलली. वायरवर दर मीटरला खूण केली, टोकाला शिसं बांधलं. पहिल्याच दुपारी कळलं: पाचव्या मीटरपर्यंत पाणी २९ अंश, सातव्याला एकदम २२! भर उन्हाळ्यात या सीमेखाली प्राणवायू घटत जातो, आणि मी मात्र वर्षानुवर्षं गळ थेट तळाला सोडून बसायचो. आता आमिष सीमेच्या जरा वर लटकवतो. दुपारीही मासा लागतो. पहाटे मासे काठाच्या उथळ पाण्यात येतात, तेव्हा याची गरजच नाही. खोट एकच, पडद्याला दिवा नाही. आणि प्रत्येक खोलीवर मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावू द्या.