बचत गटाचा त्वचा-निगा संच : तेल उत्तम, उटणे महाग, गुलाबपाणी नको

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनातून मी ३८० रुपयांना त्वचेच्या निगेचा एक संच विकत घेतला. कडुनिंबाच्या तेलाचा साबण, उटणे, गुलाबपाणी-ग्लिसरीनची फवाऱ्याची बाटली आणि मोहाच्या तेलाची डबी अशा चार वस्तू त्यात होत्या आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘दिवसभराचा ताण घालवा’ असे छापलेले होते. त्या ओळीवर माझा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. परंतु वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी कापसाची वेचणी असा माझा हिवाळा जातो, आणि घरात भरून ठेवलेला कापूस आता विकावा की भाव चढण्याची वाट पाहावी या एकाच प्रश्नावर रात्रीचे अकरा वाजतात. तेव्हा झोपण्यापूर्वी स्वतःकडे पाहण्याचे काही निमित्त मिळाले तर बरेच, एवढ्या हिशेबाने मी तो घेतला आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज वापरला.

संचातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मोहाचे तेल. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात आणि त्यानंतर धरणाऱ्या फळांतील बियांपासून हे तेल काढतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत त्याला टोळीचे तेल म्हणतात आणि तिकडे ते खाण्यातही आहे, अंगाला लावण्यातही आहे. गटाच्या बायकांनी बिया गडचिरोलीकडून आणवल्याचे सांगितले. या तेलाची एक गंमत अशी की थंडी पडली की ते गोठते. जानेवारीत आमच्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा डबीतले तेल पिवळसर लोण्यासारखे घट्ट झाले होते आणि ते नखाने खरवडून तळहातावर घ्यावे लागत होते. मात्र दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवताच ते क्षणात विरघळत असे. वेचणी करणाऱ्या बाईच्या हातांची अवस्था ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तेलाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचून तिथली कातडी सोलते, दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर लिहिताना खडूची भुकटी नेमकी त्याच चिरांत बसते आणि संध्याकाळी भांडी घासताना तिथे आग होते. खोबरेल तेलाने मला तात्पुरता आराम पडत असे, पण सकाळपर्यंत त्याचा मागमूस उरत नसे. हे तेल दाट असल्याने टिकते. टाचा कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, हलक्या पुसून, त्या ओलसर असतानाच तेल लावून जुने सुती मोजे चढवले, तर माझ्या टाचांच्या भेगा तीन आठवड्यांत भरून आल्या. उजव्या टाचेची एक खोल भेग तेवढी फेब्रुवारीपर्यंत राहिली. वास मात्र उग्र आहे, किंचित कडवट आणि तेलघाण्याजवळून गेल्यासारखा, आणि तो काहींना मुळीच रुचणार नाही.

आता ताणाविषयी. कोणत्याही तेलात वा लेपात चिंता शोषून घेण्याचे सामर्थ्य नसते, आणि कापसाचा भाव टाचांना तेल लावून चढत नाही. तरीही खोक्यावरची ती ओळ अगदीच खोटी नाही, असे तीन महिन्यांनंतर मला मान्य करावे लागते. आपल्या हातापायांच्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की जे सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटीमीटर इतक्या संथ, हलक्या स्पर्शानेच अधिक जागे होतात, आणि तसा स्पर्श बहुतेकांना सुखावह वाटतो. घाईघाईने खसाखसा चोळल्याने ते साधत नाही. मी पहिले काही दिवस भांडी घासावीत तसे पाय चोळत होते. पुढे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात न्यायला मनात दहा अंक मोजावेत, अशी सवय लावून घेतली. दहा मोजताना भावाचा हिशेब मनात चालू ठेवता येत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव. उलट बाजूही खरी आहे : मनावर सतत ताण असेल तर त्वचेचे बाहेरचे संरक्षक आवरण सावकाश भरून येते, असे अभ्यासकांना आढळले आहे, म्हणजे काळजीने भेगा रेंगाळतात आणि भेगांच्या ठणक्याने झोप उडते. या संचाने ते चक्र माझ्यापुरते थोडे सैल केले. घरातले सगळे निजल्यावर दिवाणखान्यातला दिवा मालवून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसण्याची ती पंधरा मिनिटे खोक्यात मिळाली नाहीत, हे मात्र नोंदवले पाहिजे. ती घरात भांडून मिळवावी लागली.

उटण्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. शंभर ग्रॅमच्या पाकिटाची सुटी किंमत १५० रुपये पाहून सासूबाई म्हणाल्या, “बाप्पा, बेसन-हयदीले दीडशे रुपये? हे त आपल्या घरीच हाय व!” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, कारण मसुरीचे पीठ आणि हळद हाच त्याचा मोठा भाग आहे, वर नागरमोथा, आंबेहळद, गव्हला-कचोरा आणि वाळा. हळद मात्र वायगावची आहे, ज्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जी आमच्याच तालुक्यात पिकते. तिचा रंग इतका गडद की पहिल्याच आठवड्यात माझा पांढरा टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा कायमचे पिवळे झाले. दुसरी चूक माझीही आणि पाकिटावरच्या अपुऱ्या सूचनांचीही. लेप पूर्ण वाळेपर्यंत ठेवून तो कोरडाच चोळून काढल्याने माझे गाल दोन दिवस लालसर राहिले आणि शाळेत मुलांनी “मॅडम, ताप आला का?” असे विचारले. पुढे दूध घालून पातळ कालवले, चार-पाच मिनिटांतच, ओले असताना धुतले, आणि आठवड्यातून एकदाच लावले, तेव्हा त्रास झाला नाही. वाळ्याचा वास मात्र सुरेख आहे. ते पीठ कालवले की थंडीच्या रात्रीही मे महिन्याची दुपार, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला कूलर आणि त्यातून येणारी ती पहिली ओली झुळूक आठवते. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे कदाचित कळणार नाही.

साबण साधा आणि चांगला आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या मिश्रणातून साबण होताना तयार होणारे ग्लिसरीन घरगुती पद्धतीत साबणातच राहते, त्यामुळे अंग ओढल्यासारखे वाटत नाही. तो ओल्या साबणदाणीत ठेवल्यास लवकर विरघळतो. शिवाय कोणताही खरा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून चेहऱ्याला दिवसातून दोनदाच पुरे. ज्यांच्या शेतात फवारणी चालू आहे त्यांनी हात-पाय आधी साबणाने स्वच्छ धुऊन मगच तेल लावावे.

गुलाबपाणी-ग्लिसरीनची बाटली मी कोणालाही सुचवणार नाही. फवारा तिसऱ्या दिवशी अडकला, झाकणातून गळती होऊन पर्स चिकट झाली, आणि गुलाबाचा वास इतका भडक की त्यात निव्वळ अर्क नसून सुगंधी द्रव्य मिसळले असावे अशी शंका येते. ग्लिसरीन ओलावा ओढून घेते हे खरे. पण हवा कोरडी असताना दाट ग्लिसरीन कोरड्या चेहऱ्यावर लावले तर ते हवेऐवजी त्वचेतलेच पाणी ओढते, आणि इथले प्रमाण फार दाट वाटले. चिरलेल्या बोटांना तर ते झोंबते.

एक तक्रार गंभीर आहे. सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापणे कायद्याने आवश्यक आहे; साबणाच्या वेष्टनावर हे सारे होते, परंतु तेलाच्या डबीवर मुदत नव्हती, आणि बियांचे तेल खवट होतेच. मी गटाच्या बायकांना तसे सांगितले, त्यांनी पुढच्या खेपेला छापू असे म्हटले. असे असूनही गावोगावी पार्लरमधून आणि पानठेल्यासारख्या टपऱ्यांतून विकल्या जाणाऱ्या, आठ दिवसांत गोरे करणाऱ्या बिननावाच्या क्रीमपेक्षा हा संच शंभर पटींनी बरा. त्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते, आणि त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. तरी ती मिळतात.

संच पुन्हा घेणार नाही, सुट्या वस्तू घेईन : साबण चार, तेलाच्या दोन डब्या, एक माझ्यासाठी आणि एक सासूबाईंसाठी, कारण पहिली डबी संपण्यात त्यांचाही निम्मा वाटा होता. उटणे घरीच करू. शंभर मिलिलिटर तेलाचे १२० रुपये पडतात, आणि रिकामी डबी धुऊन, वाळवून परत नेली तर बायका दहा रुपये कमी घेतात. मात्र डबीत पाण्याचा थेंबही राहता कामा नये.