अमेरिकेत जाऊन दळण शिकले: ग्रेन सायन्सच्या एमएसचा माझा अनुभव

अमळनेरला आमची पिठाची गिरणी आहे. दोन चक्क्या, शेजारी मिरची कांडप. परभणीला फूड टेक्नॉलॉजीचं बी.टेक. झाल्यावर मी अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रेन सायन्समध्ये, म्हणजे धान्याच्या शास्त्रात, एमएस केलं. गल्लीत अजूनही म्हणतात, "अप्पांची पोरगी अमेरिकेत जाऊन दळण शिकून आली." खोटं नाही ते. ओळखीतून सारखी विचारणा होते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पुण्यातल्या ज्या कन्सल्टन्सीकडे गेले होते त्यांना एक तारा, तोही चहासाठी. त्यांच्याकडे डेटा सायन्सची यादी तयारच होती. मी 'फ्लोअर मिलिंग', म्हणजे पीठ दळणं, म्हटलं, तर समोरच्या माणसाने फॉर्मवर स्पेलिंग लिहिलं ते फरशीचं! फी भरून बसले होते, ती काही परत मिळाली नाही. शेवटी डिपार्टमेंटला मीच ईमेल केले, अर्जही मीच भरला.

तर कोर्स. विद्यापीठ मॅनहॅटनला आहे. हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं छोटं गाव. न्यूयॉर्क 'बिग ॲपल', म्हणून हे स्वतःला कौतुकाने 'लिटल ॲपल' म्हणवतं. भोवती गव्हाचा मुलूख. 1874 मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी 'टर्की रेड' गहू तिथे आणला आणि त्या राज्याचं नशीबच बदललं. 1910 पासून या विद्यापीठात दळण हा विषय शिकवतात. गिरणी, बेकरी आणि पशुखाद्य, तिन्ही शाखा एकाच डिपार्टमेंटमध्ये. कॅम्पसवर हाल रॉस नावाची चांगली पाच मजली गिरणी आहे, 2006 साली सुरू झालेली. माल हवेच्या झोताने वर जातो आणि चाळण्यांमधून आपल्या वजनाने खाली उतरतो. पहिल्या दिवशी मी वर बघतच राहिले. आमच्याकडे डबा डोक्यावरून येतो आणि पीठ पिशवीत पडतं, एवढीच उंची.

मला खरं पटलं ते टेम्परिंगच्या तासाला. दळणाआधी गव्हावर मोजून पाणी मारायचं, ओलावा साधारण 16 टक्क्यांपर्यंत आणायचा आणि गहू काही तास मुरू द्यायचा. त्याने कोंडा चिवट होतो, आतला गर मऊ पडतो. मग गिरणीच्या रोलरखाली, म्हणजे फिरत्या लोखंडी रुळांमध्ये, कोंड्याचा चुरा न होता तो मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. मी वहीत लिहायचं थांबले. आजी मांड्यांसाठी गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवायची, मग दळून वस्त्रगाळ करायची. विचारलं तर म्हणायची, "त्याशिवाय मांडा खापरावर फाटतो." ती हाताने अंदाज घ्यायची, इथे मीटर होता. गणित तेच.

दुसरी गोष्ट स्टार्च डॅमेजची. चक्कीचा दगड गव्हाला रगडतो, तापवतो. त्यात स्टार्चचे कण फुटतात आणि असे फुटलेले कण पाणी जास्त ओढतात. म्हणून चक्कीच्या पिठाची पोळी मऊ राहते. अप्पा गिऱ्हाइकाला नेहमी सांगतात, "दगडाचं पीठ पाणी जास्त पितं." त्या रात्री मी फोन करून त्यांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण दगडाला टाकी लावायची कधी, ते शिकवलं का?" म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा. नव्हतं शिकवलं. अभ्यास रोलर मिलचा, म्हणजे मैद्याचा आणि ब्रेडचा. चक्की हा आपला विषय, तो आपणच करायचा. आणि गंमत म्हणजे गव्हाच्या त्या राज्यात मी पोळीचा आटा कॅन्सस सिटीच्या इंडियन स्टोअरमधून आणायचे, गाडीने दोन तासांवरून.

लॅबमध्ये हात मळतात, हे आधीच माहीत असू द्या. रोलरखालचा माल घ्या, चाळा, किती टक्के खाली उतरला ते वजन करून लिहा, रोलर जरा जवळ आणा, पुन्हा चाळा. पीठ भट्टीत जाळून उरलेली राख मोजायची. पांढऱ्या मैद्यात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कणकेत दीड टक्क्याच्या वर. कोंडा किती मिसळला ते राखच सांगते. अप्पा तेच अंगठा आणि तर्जनीत पीठ चोळून सांगतात, अर्थात टक्केवारीशिवाय.

पैशांचं गणित एमएसला रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे संशोधनात हातभार लावण्याचं पगारी काम, मिळते की नाही यावर उभं आहे. ती हातात नसताना कर्ज काढून जायला मी कुणाला सांगणार नाही. थंडी कडक, मोकळ्या माळावरचा वारा त्याहून कडक, गाडीशिवाय पान हलत नाही. मराठी माणूस भेटेल या आशेवर जाऊ नका. गावात मोठ्याने ओळख सांगण्यासारखी डिग्री हवी असेल, तर हा विषय सोडाच; सोयरीक बघायला आलेल्यांनी 'म्हणजे नक्की काय?' हे मला चार वेळा विचारलंय.

माझ्याकडून साडेचार तारे. सध्या एका रोलर फ्लोअर मिलमध्ये क्वालिटी बघते, रविवारी आमच्या चक्कीवर असते.

ज्यांना फक्त घरची गिरणी वाढवायची आहे, त्यांनी आधी म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंशोधन संस्थेतला मिलिंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स बघावा. त्यासाठी पासपोर्टही लागत नाही. परदेशच हवा असेल तर स्वित्झर्लंडमध्ये सेंट गॅलनला आणि जर्मनीत ब्राउनश्वाइगला गिरणीवाल्यांच्या खास शाळा आहेत. ब्राउनश्वाइगला जायचं तर आधी जर्मन शिकायला घ्या.