माड तोडून, बुंधा काढून, सगळं उचलून नेणारी सेवा : पाचपैकी साडेचार

माड तोडायला माणसं मिळतात. माडावर चढणारा पाडेली मिळतो, करवतवाला मिळतो, जेसीबीवाला तर हाकेच्या अंतरावर असतो. अडतं ते पुढे. आडवं पडलेलं खोड, शेंड्याचा पसारा आणि जमिनीतला बुंधा हे सगळं कोण नेणार, कुठे नेणार आणि त्याचे किती घेणार, याचं सरळ उत्तर देणारा ठेकेदार मला रत्नागिरीच्या आसपास यंदा पहिल्यांदा भेटला. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची वाडी समुद्राजवळ, पुळणीची म्हणजे वाळूची जमीन, चहूबाजूंनी चिऱ्याचा गडगा. तीन माड काढायचे होते. एकावर परतीच्या पावसात वीज पडली होती, महिन्याभरात त्याच्या सगळ्या झावळ्या लोंबकळल्या. दुसऱ्याला सोंड्या भुंगा लागला होता. खोडावर भोकं, भोकांतून तपकिरी चिकट पाणी, चावून बाहेर टाकलेला चोथा, आणि शेवटी शेंडाच कलंडला. तिसरा सासऱ्यांच्या वेळचा उंच माड, चांगले नारळ धरता, पण घराच्या कौलांवर इतका झुकलेला की वारा सुटला की झोप लागत नसे.

नुसते तोडून वाडीत पाडून ठेवले असते तर काय झालं असतं, हे माड असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं. ताज्या कापाच्या वासावर सोंड्या येतो. खोड कुजायला लागलं की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. शेणखताच्या खड्ड्यात सापडतात तशा त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या कुजक्या खोडात महिनोन्‌महिने वाढतात. तयार झालेला भुंगा शेजारच्या माडाची न उलगडलेली सुई पोखरतो आणि पुढे ते पान उघडतं तेव्हा कात्रीने पंख्यासारखं कापल्यागत दिसतं. गेंड्याने केलेल्या जखमेतून परत सोंड्या आत शिरतो. म्हणजे मेलेला माड वाडीत पडून राहिला तर तो उभ्या माडांच्या मुळावर येतो. आमचे बाकीचे माड अजून धरते आहेत, त्यातले काही मी स्वतः रोप लावून वाढवलेले. मला या कामात सगळ्यात मोठी काळजी होती ती याचीच.

आधी एका ठेकेदाराला बोलावलं होतं. त्याने गडग्याबाहेरूनच वर पाहिलं आणि ‘तिन्हीचे मिळून अठरा हजार, कचरा तुमचा तुम्ही बघा’ असं सांगितलं. बुंध्याचं विचारलं तर ‘मीठ घाला, कुजून जाईल’ म्हणाला. कुजतो हे खरं, पण कुजता कुजता भुंग्यांना घर देतो. त्याला नको म्हटलं.

नंतर ज्याला काम दिलं तो एप्रिलच्या सुरुवातीला आला तो टेप, दोरी आणि वही घेऊन. पहिला प्रश्न त्याने परवानगीचा विचारला. आमची वाडी ग्रामपंचायतीत आहे. शहराच्या हद्दीत असेल तर १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली नगरपरिषदेची परवानगी हातात आल्याशिवाय तो करवत लावत नाही. मग म्हणाला, ‘काकी, तोडायला काय, सकाळभरात आडवे होतील. नेऊन टाकायचं कुठे ते आधी ठरवू.’

त्याचा अंदाज काढण्याची पद्धत मला फार आवडली. जुन्या माडावर पाडेली टेप घेऊन चढला. खोडाच्या मध्यावर घेर ३२ इंच, शेंड्याखालपर्यंत लांबी ५० फूट. वखारीच्या रिवाजाने घेराचा चौथा हिस्सा, म्हणजे ८ इंच, त्याचा वर्ग आणि गुणिले लांबी, असे सुमारे २२ घनफूट होतात. पण या हिशेबात गोल खोडाचा पाचवा हिस्सा दिसतच नाही, प्रत्यक्ष लाकूड २८ घनफूट भरतं. ठेकेदाराने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि सांगितलं, ‘वखारवाला बावीसचे पैसे देईल, पण टेम्पोला अठ्ठावीस उचलावे लागणार.’ ओल्या लाकडाचं वजन घनफुटाला २६ किलो धरून एक खोड सव्वासातशे किलोच्या घरात जातं, म्हणजे एका खोडाला छोट्या हत्तीची (लहान टेम्पोची) एक खेप.

बुंध्याचा हिशेब वेगळा. माडाला सोटमूळ नसतं, बुंध्यातून सुतळीएवढी हजारो मुळं चहूकडे सुटलेली असतात आणि त्यांनी माती घट्ट धरून ठेवलेली असते. ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल गोळा धरला तरी ३८ घनफूट होतात, आणि मातीसकट उचलला तर वजन दीड टनावर जातं. त्यातलं बहुतेक वजन आपल्याच वाडीच्या पुळणीचं. ती गाडीत भरून बाहेर न्यायची, भाडं द्यायचं आणि खड्डा बुजवायला परत माती विकत आणायची, असं पुष्कळ ठिकाणी होतं. याने स्वच्छ लिहून दिलं की माती जागीच झटकून त्याच खड्ड्यात घालणार, वाहतूक फक्त लाकडाची. तिन्ही खड्डे मिळून साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, भरतात, त्यातला जास्तीत जास्त भाग आपल्याच मातीने भरून निघाला.

झावळ्यांचं तिसरं. भरल्या माडाला तीस-एक झावळ्या असतात. ढीग रचला की ब्रासभर दिसतो, पण आत सगळी हवा असते. त्याचा नियम असा की झावळीचा दांडा आणि पाती वेगळी केल्याशिवाय गाडीत भरायची नाही. तशीच भरली तर अर्धी खेप हवाच वाहून नेते.

त्याचं दरपत्रक असं होतं : तोडणी तीन माडांची १२,०००, बुंधे ७,५००, पाच खेपा १,२०० प्रमाणे ६,०००, जागा साफ करणं २,०००. एकूण २७,५०० रुपये. पहिल्या ठेकेदारापेक्षा साडेनऊ हजार जास्त, पण पैसे कशाचे ते ओळीओळीत दिसत होतं. प्रत्यक्षात चार खेपांत काम झालं, कारण जुन्या माडाच्या हिरव्या झावळ्या शेजारच्या काकूंनी झापं विणायला आणि हीर काढून खराटे करायला नेल्या. पाचव्या खेपेचे १,२०० त्याने न मागता बिलातून कमी केले.

तोडणी पाहण्यासारखी होती. वीज पडलेल्या आणि भुंगा लागलेल्या माडावर त्याने माणूस चढवला नाही. आतून खोड कधी दगा देईल सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदी रास्त आहे. ते दोन्ही बुंध्याशी खाच देऊन, दोर बांधून मोकळ्या अंगाला ओढून पाडले. घरावरचा मात्र वरून खाली उतरवला. आधी शहाळी आणि नारळ दोरीने खाली, मग झावळ्या, मग चार-पाच फुटी तुकडे एकेक करून दोरीला लटकवत. कौल एकही फुटलं नाही.

किडक्या शेंड्याची विल्हेवाट त्याने ज्या काळजीने लावली त्यासाठीच मी इतके तारे देते आहे. शेंडा खाली येताच ताडपत्रीवर घेतला, कुऱ्हाडीने उभा फोडला. आत अळ्या, चोथ्याचे कोष आणि काही तांबडे भुंगे होते. सगळे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकले. भोकं असलेल्या भागाच्या फाळ्या ताडपत्रीतच गुंडाळून पहिल्या खेपेत त्याच्या शेतावर गेल्या आणि खोल खड्ड्यात पुरून वर अडीच फूट माती दाबली. संध्याकाळी त्याने खड्ड्याचे फोटो पाठवले. मी मागितले नव्हते.

बाकीच्या खोडांच्या तो चिरफाळ्या करतो आणि उन्हात सुकवून भट्टीला देतो. फोडून सुकलेल्या लाकडात गेंड्या अंडी घालत नाही, त्याला ओलं, भुसभुशीत, कुजकं लागतं. अख्खे ओंडके ओढ्याकाठी किंवा बंद पडलेल्या चिरेखाणीत ढकलून देणाऱ्यांनी हे पाहायला हवं. आपली वाडी साफ होते आणि भुंगे दुसऱ्याच्या वाडीत वाढतात.

जुन्या माडाचा खालचा १८ फूट भाग मी ठेवून घेतला. माडाच्या खोडात कठीण लाकूड बाहेरच्या अंगाला असतं, गाभा मऊ. वय झालेल्या माडाची बाहेरची साल काढली की आत काळपट, सरळ रेषांचं घट्ट लाकूड लागतं. गिरणीवाल्यांना ते नको असतं, कारण पात्याचे दात फार लवकर बोथट होतात. एका गिरणीने नकार दिला, दुसऱ्याने कापणीचा दर वाढवून घेतला. ठेकेदाराने हेही आधी सांगून ठेवलं होतं. त्यातून गोठ्याला पुरतील इतके वासे निघाले. ते जमिनीला टेकवायचे नाहीत, ओल लागली की माडाचं लाकूड लवकर जातं. आम्ही चिऱ्यांच्या खांबांवर चढवले आहेत.

आता कमी काय पडलं ते. करवतीचा भुसा. लाकूड, बुंधे, झावळ्या सगळं गेलं, पण गडग्याच्या कोपऱ्यात पाच-सहा घमेली भुसा तसाच ढिगाने राहिला. ‘जागा साफ करणं’ या ओळीचे दोन हजार घेतल्यावर हे व्हायला नको होतं. ओल्या भुशाचा ढीग म्हणजे गेंड्याला आयतं बाळंतघर. मी तो उन्हात पसरून वाळवला आणि मग पातळ थराने माडांच्या आळ्यांत टाकला. शेणखताच्या खड्ड्यात मी मेटाऱ्हायझियम बुरशी सोडते, अळ्या मारायला ती चांगली, पण म्हणून भुसा मागे ठेवावा असं नाही.

दुसरं, पाडेल्याला कमरेचा पट्टा आणि दोर होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. खाली तुकडे धरणाऱ्या मुलांनाही नव्हतं. मी बोलले तर ‘उकडतं’ म्हणाले. पन्नास फुटांवरून एक नारळ निसटला तरी काय होईल याचा विचार ठेकेदारानेच करायला हवा. पुढच्या वेळी मी ही अट आधीच लिहून घेणार आहे.

तिसरं लहान. पावसाच्या पहिल्या झोडीत दोन खड्डे अर्धा फूट खचले. मुळांच्या जागा मोकळ्या झालेल्या असतात, माती बसणारच, पण त्याने वर उंचवटा करून ठेवला नव्हता. दोनदा फोन केल्यावर येऊन माती टाकून गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

एप्रिल संपला की त्याची तारीख मिळत नाही, पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच घरावरचे माड आठवतात. दिवाळीनंतर, जमीन सुकी असताना बोलावलं तर बुंध्याची माती झटकायलाही सोपी जाते. शेंडा किडका असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे तो ताडपत्री घेऊन येतो आणि तो माड सगळ्यात आधी घेतो. आणि दरपत्रकात भुसा ही वेगळी ओळ घालायला लावा.