क्लेरिकसाठी मेडिसिन घ्यावं की इनसाइट?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या, पात्रं साकारण्याच्या खेळाच्या २०१४च्या नियमांत पहिल्या लेव्हलचा, विज्डम (शहाणपणाचा गुण) १६ असलेला क्लेरिक, म्हणजे मंत्र जाणणारा पुरोहित, धरू. त्याला प्रावीण्यासाठी मेडिसिन (वैद्यकी) आणि इनसाइट (समोरच्याचं खोटं ओळखणं) यांतलं एक कौशल्य निवडायचंय. बरं करणारा म्हणून बहुतेक जण डोळे मिटून मेडिसिन घेतात. इथेच गफलत होते.

शून्य हिट पॉइंटवर (जीवनशक्ती संपून) पडलेल्या सोबत्याला स्थिर करायला, म्हणजे मरणापासून वाचवायला, मेडिसिनचा १०चा आकडा गाठावा लागतो. प्रावीण्य नसताना विज्डमचे +३ मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त पुरतात: यशाची शक्यता ७० टक्के. प्रावीण्य घेऊन +५, म्हणजे ८० टक्के. फरक जेमतेम १० टक्क्यांचा! उलट ५ सुवर्णमुद्रांचं हीलर्स किट फासा न टाकता दहा वेळा हेच काम करतं. शिवाय स्थिर झालेला सोबती बेशुद्धच राहतो. १ हिट पॉइंट परत यायला १ ते ४ तास लागतात. उलट 'हीलिंग वर्ड' हा मंत्र त्याला ६० फुटांवरून, बोनस अ‍ॅक्शनमध्ये (मुख्य कृती खर्च न करता) उठवतो.

इनसाइटला असा स्वस्त पर्याय नाही. सराईत थापाड्याच्या डिसेप्शनसमोर (थापा मारण्याच्या कौशल्यासमोर) +३ आणि +५मधला फरक तेवढाच असला तरी पर्याय नसल्यामुळे तो जाणवतो, आणि असे प्रसंग जवळपास प्रत्येक सत्रात येतात.

मात्र तुमचा डीएम (खेळ चालवणारा) रोगनिदान, विषबाधा, मृत्यूचं कारण यांसाठी मेडिसिन वापरत असेल तर ते जरूर घ्या. पात्र बनवण्याआधीच त्याला विचारा.