संत्रा रोपवाटिकेसाठी घेतलेले डॉट ग्रीन डोमेन

काटोल रस्त्यावर आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि नागपूर शहरात छोटे विक्री कार्यालय आहे. संकेतस्थळासाठी रंगाच्या नावाचे डोमेन घ्यायचे ठरले, तेव्हा पहिला शब्द सुचला तो ऑरेंज. डॉट ऑरेंज हे एक्स्टेन्शन, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतरचा भाग, अस्तित्वात आहे, परंतु ते त्याच नावाच्या फ्रेंच दूरसंचार कंपनीने स्वतःच्या ब्रँडसाठी घेतलेले असल्यामुळे इतरांना त्याखाली नाव नोंदवता येत नाही. संत्रानगरीतल्या माणसाला याची हळहळ वाटणारच.

इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज मागवले आणि त्यातून आलेल्या रंगांपैकी रेड, ब्लू, पिंक, ब्लॅक व ग्रीन सर्वांसाठी खुले झाले. आम्ही ग्रीन निवडले. रोपवाटिकेचे जे नाव डॉट कॉममध्ये कधीच कोणीतरी घेऊन ठेवले होते, ते येथे एकही अक्षर न बदलता मिळाले, आणि माझ्या मते या एक्स्टेन्शनचा खरा लाभ एवढाच आहे. नावात ग्रीन आल्याने गूगलवर संकेतस्थळ वर दिसते, ही समजूत चुकीची आहे. असा कोणताही विशेष लाभ मिळत नाही, हे गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे.

नोंदणी काही मिनिटांत झाली. त्यानंतर येणारा पडताळणीचा ई-मेल मात्र आवर्जून शोधावा, कारण १५ दिवसांत त्यातील दुव्यावर क्लिक केले नाही तर डोमेन स्थगित होऊ शकते. आमचा ई-मेल स्पॅममध्ये पडला होता आणि तो अकराव्या दिवशी सापडला.

माझी तक्रार नूतनीकरणाच्या दराबद्दल आहे. पहिल्या वर्षीची सवलतीची किंमत मोठ्या अक्षरांत होती; दुसऱ्या वर्षीचे बिल त्याच्या जवळजवळ तिप्पट आले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागला. हा दर विक्रेत्या कंपनीच्या पानावर होता, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. तोवर लेबले, बिलबुके, गाडीवरची पाटी असे सर्व काही छापून झालेले असल्याने पैसे भरण्यावाचून गत्यंतर नव्हते. नाव घेण्यापूर्वी पाच वर्षांचा एकूण खर्च मांडून पाहावा, असे मी कळकळीने सांगेन.

दुसरी अडचण बोलण्यातली आहे. वरुडच्या एका शेतकऱ्याला मी फोनवर पत्ता सांगत होतो. ते अक्षर अक्षर टाइप करत होते, शेवटी थांबून म्हणाले, “भाऊ, ग्रीनच्या पुढं डॉट कॉम लावायचं काय?” मी नाही म्हटल्यावरही त्यांनी ते लावलेच, आणि पान उघडले नाही. त्यांना जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली तीनशे कलमे हवी होती, म्हणून पुन्हा फोन आला. सगळेच ग्राहक तसा करणार नाहीत. लेबलावर वाचताना डॉट ग्रीन लक्षात राहते, ऐकताना मात्र ते अपुरे वाटते.

त्याच आठवड्यात आम्ही तेच नाव डॉट इनमध्येही घेतले आणि ते मूळ संकेतस्थळाकडे वळवले. आता फोनवर डॉट इन सांगतो, आणि या पावसाळ्यात विक्रीला जाणाऱ्या कलमांच्या लेबलांवर डॉट ग्रीनखाली तोही पत्ता छापून घेतला आहे.